धोंडगडाचं टाकं

सुदर्शनशी माझं पहिलं कडाक्याचं भांडण झालं ते बैलांवरून.

त्याच्या खेळात फौजेचे बैल जुन्नरहून निघायचे आणि पाठीवर दारूगोळा घेऊन एका दिवसात घाटाच्या तोंडाशी हजर. मी म्हटलं, "हे बैल आहेत का एसटी?" तो म्हणाला, "वैजू, खेळ आहे तो." मी म्हटलं, "खेळ असला म्हणून काय झालं? बैलाला दुपारी सावली लागते, पाणी लागतं, रवंथ करायला वेळ लागतो. तुझ्या दारात ट्रॅक्टर आला आणि तू बैल विसरलास का?" आठ दिवसांनी त्यानं मला फोन केला. बैलांना आता अडीच दिवस लागत होते. मला इतका आनंद झाला की समोर उत्पन्नाच्या दाखल्यासाठी बसलेल्या म्हातारबाबांना मी चहा पाजला. माझं चुकलं ते तिथंच. मला वाटलं, हा माणूस ऐकतो.

मी वैजयंती. जुन्नरच्या स्टँडजवळ माझं ई-सेवा केंद्र आहे. सातबारा, दाखले, फॉर्म, फोटो, सगळं करून देते. सर्व्हर डाऊन असला की गिऱ्हाईक मला शिव्या घालतं आणि मी तेवढ्यात कॉम्प्युटरवर राज्य चालवते. गेली बारा वर्षं हे असंच चाललंय. किल्ले बांधायचे, धान्य साठवायचं, फौज पाठवायची, अशा खेळांचं मला वेड आहे. पण खोटेपणा मला सहन होत नाही. कुठल्या खेळात भर पावसात तोफा डोंगर चढताना दिसल्या की माझं डोकं सटकतं, आणि मग मी नेटवर त्या खेळाची दोन-दोन पानं लिहून बिनपाण्यानं हजामत करते.

सुदर्शन माझ्याबरोबर कॉलेजला होता. नारायणगावचा, घरच्या द्राक्षबागा. पुण्याला नोकरी केली, सोडली, आणि सहा पोरं घेऊन स्वतःची कंपनी काढली. खेळाचं नाव 'घाटमाथा'. तुम्ही एका डोंगरी किल्ल्याचे किल्लेदार, खाली वेढा पडलाय, नऊ महिने किल्ला लढवायचा. त्यातच दुसरा एक प्रकार होता. त्यात दर अवसेला वेताळाची फौज यायची. माझं लिखाण वाचून तो केंद्रात आला आणि म्हणाला, "नंतर लोकांसमोर शिव्या देणार त्यापेक्षा आत्ताच दे. तू सांगशील तसं करतो."

तीन वर्षं मी सांगत होते. घाटात धुकं कधी उतरतं, नाचणी किती दिवस टिकते, पावसाळ्यात माणसं हगवणीनं कशी मरतात, सगळं. वेताळावरून तर आठवडाभर वाद. तो म्हणायचा, "अगं, वेताळ काल्पनिक आहे, त्याला काय नियम?" मी म्हणायचे, "काल्पनिक असू दे ना. पण एकदा ठरलं की तो अवसेला येतो, तर मग पुनवेला येऊ नको म्हणावं. नियम मोडला की भीती गेली." हे त्याला पटायचं. निदान मान हलवायचा.

खरी अडचण आली पाण्याची. त्यानं पंचवीस जणांना खेळ खेळायला दिला आणि पंचवीसच्या पंचवीस जण तिसऱ्या महिन्यात किल्ल्यावर तहानेनं मेले. सुदर्शन वैतागला. म्हणाला, "लोक दिवसभर राबून येतात, त्यांना मजा पाहिजे. तू त्यांना घरी बसून टँकरची वाट बघायला लावतेस." मी म्हटलं, "मजा तिथंच आहे, राव. पाणी संपत आलंय आणि पाऊस अजून वीस दिवस लांब आहे. याच्यापेक्षा जीव टांगणीला लावणारी गोष्ट आहे का दुसरी?" तो म्हणाला, "मग सुटायला काहीतरी वाट तरी दे." तेव्हा मला माझ्या आजोळचं टाकं आठवलं.

आजोळ म्हणजे उंबरदरा. धोंडगडाच्या कुशीतली अठ्ठावीस घरांची वाडी. भात, नाचणी, वरई, आणि उन्हाळ्यात हिरडा गोळा करायचा. तिथली विहीर चैत्रात आटते. मग वाडी जगते ती वर कातळात कोरलेल्या एका टाक्यावर. त्या टाक्याची वाट वाडीबाहेर कुणाला माहीत नाही. आणि वाडीतही सगळ्यांना नाही. लग्न होऊन आलेल्या सुनेला पहिल्या चैत्रात सासू डोक्यावर हंडा देऊन तिकडं घेऊन जाते. पण लेकीला दाखवत नाहीत. लेक उद्या परगावी जाणार, तिथं बोलणार, आणि दुष्काळाच्या साली ते गाव हंडे घेऊन दारात उभं राहणार, असा जुना हिशोब. बाया पाण्याला निघाल्या की लेकींना दुसऱ्या अंगाला हिरडा वेचायला पाठवून देतात. माझी आई, मंगल, त्या वाडीत जन्मली, एकोणीस वर्षं ते पाणी प्यायली, पण ते येतं कुठून हे तिला आजही माहीत नाही.

टाक्याची राखण माझ्या मामाच्या घराकडं. सावळेराममामा. मी त्याच्या मागं लागले. दोन महिने दर रविवारी जीपनं वर जायचे, मामीसाठी शेव-जिलेबी न्यायची आणि तेच तुणतुणं लावायचं. मामाला खेळ काय ते कळत नव्हतं. मी म्हटलं, "मामा, पुस्तक असतं ना, तसं आहे. आपली माणसं पाणी कसं जपत होती ते लोकांना कळेल." झुंबरमामी म्हणाली, "लेकीबाळींना टाकं दावत न्हाईत, बाई." मी तर लेकीची लेक. मी म्हटलं, "मामी, आता जग कुठं चाललंय." मामा तंबाखू मळत राहिला.

एका दुपारी तो म्हणाला, "चल."

पश्चिमेच्या अंगानं वर गेलो. करवंदीच्या जाळ्या, मग कातळ, मग एक मोठी शिळा. मामानं खांदा लावून ती सरकवली. आत दगडाचे दोन खांब आणि त्यांच्यामधे काळंभोर, गार पाणी. छिन्नीचे घाव अजून दिसत होते. मामानं पायातलं काढायला लावलं. मग एकेक नेम सांगितला. ओंजळीनं प्यायचं नाही, भांड्यानं काढायचं. खांबावर एक रेघ आहे, ती उघडी पडली की घरटी एक हंडा अशी पाळी लावायची. पहिला हंडा बाळंतिणीच्या घरी. मी रडले. खरंच रडले. आईला जन्मभर मिळालं नाही ते मला मिळालं होतं. मी मामाचा हात धरून म्हटलं, "हे माझ्या पोटातून बाहेर जाणार नाही." फोटो काढू का विचारलं. मामा म्हणाला, "काढ तुझ्या कामापुरतं."

सुदर्शनला मी ते फोटो दाखवले, मामाचे नेम सांगितले, तेव्हा तो एकेक फोटो मोठा करून बघत राहिला. मी त्याला अट घातली. किल्ल्याचं नाव बदलायचं, डोंगराचा आकार बदलायचा, जागा कुणाला कळता कामा नये. तो हो म्हणाला. खेळाचं काम मार्गी लागलं म्हणून आम्ही ओझरला नारळ फोडायला गेलो, तिथं गाभाऱ्यासमोर मी त्याला पुन्हा म्हणायला लावलं. हात जोडून तो म्हणाला, "खेळात जागा कळणार नाही, वैजू. विघ्नहराची शपथ."

मग मी त्याला फोटो पाठवले. दिवसभर मी गिऱ्हाइकांना काय सांगते? 'फोटो मूळचाच पाठवा, व्हॉट्सअ‍ॅपनं नको, फुटतो.' त्या सवयीनं मी मूळचेच पाठवले, ईमेलवर, एकोणचाळीस. मूळ फोटोच्या पोटात तो जिथं काढला त्या जागेचे आकडे, अक्षांश-रेखांश, असतात. शेतकऱ्यांच्या पीक पाहणीचे फोटो मी त्याच आकड्यांवरून रोज तपासून देते. आता बोला.

फेब्रुवारीत 'घाटमाथा' आला. मी केंद्राचं शटर निम्मं ओढलं आणि खेळायला बसले. बैल एका दिवसात घाटात. हत्ती कडा चढताहेत. दारू भिजत नाही. आणि पावसाळा नको असेल तर तो बंद करायची चक्क सोय. वेताळ कधीही येत होता, पुनवेला, दुपारी, जेवणाच्या वेळी. तीन वर्षांतलं माझं एकही वाक्य त्यात शिल्लक नव्हतं. तरी मी खेळत राहिले.

तिसऱ्या महिन्यात टाकं आलं.

त्याच जाळ्या, तीच शिळा, तेच दोन खांब. छिन्नीचे घावसुद्धा. शेजारी मुंडासं बांधलेला एक म्हातारा, आणि तो म्हणतो, "रेघ उघडी पडली की पाळी लावायची." माझ्या मामाचं वाक्य. पण पाळी लावायची गरजच नव्हती. टाक्यावर एकदा क्लिक केलं की 'अमर्याद पाणी'. कधीच संपत नाही. आणि खाली एक पिवळी पट्टी: 'हे टाकं खरंखुरं आहे. शोधून काढा.' ती दाबली तर नकाशा, आणि नकाशावर धोंडगडाच्या पश्चिमेला एक गोल. टाक्याजवळ स्वतःचा फोटो काढून पाठवणाऱ्या पहिल्या पाचशे जणांना खेळात पांढरा हत्ती मिळणार होता.

मी तशीच उठले आणि जीप धरून नारायणगाव गाठलं. सुदर्शन घरीच होता, म्हणाला बाहेर बोलू. हायवेच्या कडेच्या चहाच्या टपरीवर बसलो. टोमॅटोच्या गाड्या जात होत्या, त्या आवाजात मला ओरडून बोलावं लागत होतं आणि मी तशीही ओरडणारच होते.

"तू गणपतीसमोर शपथ घेतलीस."

तो म्हणाला, "मी म्हटलं होतं खेळात जागा कळणार नाही. खेळात किल्ल्याचं नाव बदललंय, डोंगर बदललाय. नकाशा खेळाच्या बाहेर आहे. ती जाहिरात आहे."

इतक्या शांतपणे बोलला तो. जणू हे उत्तर त्यानं गाभाऱ्यात उभं असतानाच तयार ठेवलं होतं. म्हणजे मी त्याला वाक्य म्हणायला लावत होते आणि तो त्यातला एकेक शब्द निवडून घेत होता.

"बैलांचं काय केलंस?"

"कंटाळा येतो गं लोकांना. बंगळूरच्या प्रकाशकानं स्पष्ट सांगितलं, हे सगळं काढा नाहीतर घेत नाही. सहा पोरांची घरं आहेत माझ्यावर."

"मग टाकं का ठेवलंस? तेही काढायचं."

"तूच म्हणायचीस ना, खरं पाहिजे? अख्ख्या खेळात लोकांना आवडलेली खरी गोष्ट तेवढी एकच आहे." मग तो जरा पुढं सरकला. "अगं, गर्दी येईल, वाडीतल्या बाया भजी-चहा विकतील. तुझं नावसुद्धा टाकलंय शेवटच्या यादीत. माहिती: वैजयंती. सगळ्यात वर."

मला लाज वाटली, राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःची कीव आली. तीन वर्षं मी समजत होते की हा माझ्याकडून शिकतोय. त्याला माझ्यातलं फक्त एक टाकं हवं होतं. मी त्याला म्हटलं, "तुझ्या बागेत उद्या पाचशे माणसं घुसली आणि बोअरच्या पाण्यात साबण लावून बसली तर चालेल?" तो म्हणाला, "असं कोण करतं." मी चहाचे पैसे माझे मी दिले आणि निघाले.

करतात. पुढच्याच शनिवारी नेटवर पहिला व्हिडिओ आला. चार पोरं, शिळा बाजूला ढकललेली, एक जण बुटांसकट पाण्यात. नंतर रोज. कुणी साबण लावून आंघोळ करतंय, कुणी नूडल्सचे कप टाकलेत, कुणी खांबावर दगडानं नाव कोरलंय. एकानं ती रेघच शोधून काढली आणि तिच्यावर स्वतःच्या मैत्रिणीचं नाव लिहिलं. प्रत्येक व्हिडिओखाली लोक लिहीत होते, मजा आली. मी एकेक बघत होते आणि मला दिसत होता फक्त चैत्र. विहीर आटणार, बाया हंडे घेऊन वर जाणार आणि तिथं साबणाचा फेस. अठ्ठावीस घरं पिणार काय? कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा मी होते.

मामाला फोन केला. उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. वीस दिवस रोज केला. एकदा त्याच्या सुनेनं, रुपालीनं उचलला. रुपाली नारायणगावची, दोन वर्षांपूर्वीच लग्न होऊन वर गेलेली. हळू आवाजात म्हणाली, "ताई, आत्ता नका येऊ. वाडीत लोक लई तापल्यात." मी विचारलं, "पाणी?" ती म्हणाली, "फोन ठेवते, ताई." आईला मी काही सांगितलं नाही. पण तिला शेजारणीकडून कळलं. ती फक्त एवढंच म्हणाली, "तुला दावलं व्हतं त्यानं?" त्यात रागापेक्षा दुसरंच काहीतरी जास्त होतं. मी तिच्याकडं बघू शकले नाही.

पाचशे फोटो पुरे झाले आणि सुदर्शननं ती पट्टी काढून टाकली. मला निरोप पाठवला, 'झालं तुझ्या मनासारखं.' मी त्याचा नंबर ब्लॉक करून टाकला.

वैशाख लागला तेव्हा माझ्यानं राहवेना. शेजारच्या गॅरेजवाल्याची पिकअप मागून घेतली, मागं हजार लिटरची काळी टाकी चढवली, ती गोड्या पाण्यानं भरली आणि स्वतः चालवत वर निघाले. आपटाळ्याच्या पुढं चढ लागल्यावर पाणी मागं डुचमळायचं आणि गाडी ओढ खायची. हजार लिटर म्हणजे वाडीला एक दिवससुद्धा पुरत नाही, हा हिशोब मला येतो. तरी निघाले. मार खायची तयारी ठेवून निघाले. मनात वाक्यं जुळवत होते, मामाच्या पायावर डोकं ठेवून काय म्हणायचं ते.

पोचले तेव्हा सकाळचे नऊ वाजले असतील. मामाच्या अंगणात हिरडा वाळत घातला होता. मामी सुपात काहीतरी पाखडत होती. मी गाडीतून उतरले आणि तिथंच थांबले. ओट्यावर सहा हंडे ओळीनं मांडलेले, काठोकाठ भरलेले. वर स्वच्छ फडकी बांधलेली. कुडाला अडकवलेल्या, हंड्याखाली डोक्यावर घ्यायच्या चुंबळी ओल्या होत्या, खाली थेंब पडत होते.

"टँकर आला होता का, मामी?"

मामीनं रुपालीकडं बघितलं. रुपालीनं जमिनीकडं. "न्हाई, बाई," मामी म्हणाली. "बस. पानी देते."

तिनं तांब्या दिला. पाणी गार होतं, जिभेला गोड लागलं. मला काही कळेना. तेवढ्यात मामा खालून गुरं घेऊन आला. गुडघ्यापर्यंत धूळ, घामानं सदरा पाठीला चिकटलेला. मी धावत जाऊन त्याचे पाय धरले. जुळवलेलं सगळं विसरून गेले. म्हटलं, "मामा, चुकलं माझं. वाडीचं पाणी मी घालवलं."

मामानं मला उठवलं. म्हणाला, "पानी कुठं गेलंय? पानी हाय."

"पण टाकं..."

"त्ये गुरांचं टाकं व्हतं," मामी सूप आपटत म्हणाली. तिला ते बोलायचंच होतं. "आता गुरं रोज खाली धरणावर न्यावी लागत्यात. जायला तास, यायला दीड. ह्या वयात."

मी मामाकडं बघितलं. तो गोठ्याच्या दावणीला गाय बांधत होता, पाठमोरा. मला वाटलं, तो नाही म्हणेल. म्हणेल, मामी रागानं बोलतीय. त्यानं गाठ मारली, ओढून बघितली आणि मग वळला.

"मला खोटं टाकं दाखवलंस?" मी विचारलं.

"खोटं कशानं? त्यात पानी व्हतं. नेम सांगितलं त्ये बी खरंच. फक्त त्या टाक्याचं नव्हतं." तो ओट्यावर बसला. "तू दोन म्हैनं हट्ट धरलास, वैजा. तुला न्हाई म्हनवंना. आन वाडीचा नेम मोडवंना. मग काय करतो मानूस?"

"मी रडले होते तिथं. तू बघत होतास."

"व्हय. मला बी वाईट वाटलं." त्यानं गुडघ्यावरची धूळ झटकली. "तुझ्या आयला बी न्हाई दावलं. पाठची भन हाय माझी."

वाडीचं पाणी शाबूत होतं. दोन महिने माझ्या छातीवर जो धोंडा होता तो त्या क्षणी उतरायला हवा होता. उतरलाही. पण त्याच्या जागी लगेच दुसरं काहीतरी येऊन बसलं. सुदर्शननं मला फसवलं तेव्हा मी निदान ओरडू शकले होते. इथं ओरडायचं कोणत्या तोंडानं? मामानं मला जोखलं होतं, मी शब्द द्यायच्याही आधी, आणि त्याचा अंदाज तंतोतंत खरा ठरला होता. मी खरोखरच बोलले होते. मामा बरोबर होता आणि म्हणूनच मला त्याचा राग आवरेना. मला म्हणावंसं वाटत होतं की तू विश्वास ठेवला असतास तर मी नसते बोलले. पण ते खोटं होतं. मी त्याच महिन्यात बोलले असते.

मी म्हटलं, "टाकीतलं पाणी कुठं ओतू?"

मामा उठला, गाडीपाशी आला, टाकीवर हात ठेवून बघितला. "गुरांच्या डोणीत सोड. आज तेवढी परत खाली न्यायला नकोत."

पाणी सोडायला अर्धा तास लागला. तोवर वाडीतल्या बाया एकेक करून अंगणात जमल्या. सात-आठ जणी असतील. सगळ्या सुना. प्रत्येकीच्या कमरेवर रिकामा हंडा. मला वाटलं, आता ऐकवतील चार शब्द. पण कुणी वाकडं बोललं नाही. "आय बरी हाय का?" "जुन्नरला ऊन लई असंल." "केंद्र कोन बघतंय आज?" मी उत्तरं देत होते. मामीनं चहा केला. तो प्यायलो. मग तिनं दुसऱ्यांदा आधण ठेवलं. बाया कुडाच्या सावलीत हंडे मांडीशी घेऊन बसल्या होत्या आणि ऊन चढत होतं. पाण्याची दुसरी खेप ऊन तापायच्या आत करतात, हे मला लहानपणापासून माहीत आहे. तरी कुणी उठत नव्हतं. रुपाली दोनदा अर्धवट उठली आणि माझ्याकडं बघून खाली बसली.

दोन वर्षांपूर्वी हायवेच्या गावातून आलेली ती पोर. तिला वाट माहीत होती. ती माझ्या जाण्याची वाट बघत होती.

ते लक्षात आलं तेव्हा कप माझ्या हातातच होता. मी तो खाली ठेवला आणि उठले. "निघते, मामा. गिऱ्हाइकं खोळंबली असतील."

"जेवून जा की," मामा म्हणाला. आमच्याकडं जेवल्याशिवाय कुणाला जाऊ देत नाहीत, हात धरून बसवतात. मामानं हात धरला नाही. चुलीपाशी मामी बसली होती, ती पिठाच्या डब्याकडं वळली नाही. मी म्हटलं, "पुढच्या वेळी."

"ये," मामा म्हणाला.

सगळ्या बाया मला पोचवायला अंगणाच्या टोकापर्यंत आल्या. रिकामी टाकी मागं खडखडत होती. पहिलं वळण वाडीपासून दोनशे पावलांवर आहे आणि तिथपर्यंत दारावरच्या आरशात सगळं अंगण दिसतं. त्या अजून तिथंच उभ्या होत्या, हंडे खाली ठेवलेले, गाडीकडं बघत. मग पुढच्या एकीनं हंडा उचलला.

त्या कुठल्या वाटेला लागतात ते दिसायच्या आत मी आरसा वर फिरवला, त्यात नुसतं आभाळ दिसायला लागलं, आणि वळण संपेपर्यंत समोर बघून गाडी चालवली.